रुग्णाच्या समाचारास जाताना

मनुष्य आजारी पडला म्हणजे त्याच्या समाचारास जाण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. घरात कोणी अंथरुणाला खिळले, की शेजारीपाजारी, सगेसोयरे आणि स्नेहीसोबती आपापली कामे बाजूस ठेवून येतात. कोणी फळे आणतो, कोणी पेज करून आणतो, कोणी नुसताच उशाशी बसून धीर देतो. 'आता बरे वाटते ना?' एवढा एक प्रश्न आपुलकीने विचारला, तरी आजाऱ्याच्या म्लान चेहऱ्यावर हसू उमटते. दुःख वाटून घेतले म्हणजे हलके होते, हा अनुभव या रीतीच्या मुळाशी आहे. रुग्णाला रुग्णालयात ठेवले तरी ही रीत सुटत नाही. सायंकाळी भेटीची वेळ झाली, की रुग्णालयाच्या फाटकाशी माणसांची रीघ लागते. कोणाच्या हाती जेवणाचा डबा असतो, कोणाच्या हाती शहाळे, तर कोणाच्या कडेवर लहान मूल.

परंतु याच फाटकाशी पहारेकरीही उभा असतो. तो प्रत्येकाचा पास पाहतो. एका वेळी एकालाच किंवा दोघांनाच आत सोडतो. लहान मुलांना तर पुष्कळदा बाहेरच थांबवतो. दूर गावाहून, बसचे धक्के खात आलेल्या माणसाला हे नियम निष्ठुर वाटतात. 'स्वतःच्या माणसाला भेटण्यासही बंदी का?' असे तो रागाने विचारतो. त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण नियमालाही कारण आहे. भेटीस येणाऱ्या प्रेमळ माणसाबरोबर कधी कधी आणखी एक पाहुणा आत शिरतो. तो डोळ्यांना दिसत नाही. त्याला पास लागत नाही. माणसाच्या हातावर बसून, त्याच्या श्वासाबरोबर किंवा खोकल्याबरोबर तो खाटेपर्यंत पोहोचतो. हा अदृश्य पाहुणा म्हणजे रोगजंतू.

स्वतः निरोगी असलेला मनुष्य दुसऱ्यापर्यंत रोग कसा पोहोचवतो, हे समजण्यासाठी ऑस्ट्रिया देशाच्या राजधानीत, व्हिएन्ना येथे घडलेली एक हकीकत पाहण्यासारखी आहे. तेथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतपणासाठी दोन विभाग होते. पहिल्या विभागात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत. दुसऱ्या विभागात सुइणी काम शिकत. दोन्ही विभाग एकाच आवारात होते आणि दोहोंकडील उपचारही सारखेच होते. तरीही १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतिणींपैकी ४५९ दगावल्या, तर दुसऱ्या विभागात ३,७५४ पैकी १०५. म्हणजे पहिल्या विभागात शंभरांत अकराहून अधिक, तर दुसऱ्यात तीनहूनही कमी. बाळंतज्वर नावाचा ताप या स्त्रियांचा बळी घेत असे. शहरातील बायकांना ही गोष्ट ठाऊक झाली होती. पहिल्या विभागात पाठवू नये, म्हणून त्या काकुळतीने विनवण्या करीत.

पहिल्या विभागात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस नावाचे एक तरुण हंगेरियन डॉक्टर साहाय्यक म्हणून काम करीत होते. दोन विभागांतील हा फरक त्यांच्या मनाला सारखा टोचत असे. गर्दी, हवा, आहार अशी एकेक कारणे त्यांनी तपासली. पण एकही पटले नाही. इतक्यात मार्च १८४७ मध्ये एक दुःखद घटना घडली. त्यांचे सहकारी प्राध्यापक कोलेचका हे शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला सुरी लागून जखमी झाले. त्या जखमेतून ते आजारी पडले आणि मरण पावले. त्यांच्या शरीराच्या तपासणीत जी लक्षणे आढळली, ती बाळंतज्वराने दगावलेल्या स्त्रियांच्या लक्षणांसारखीच होती.

डॉ. सेमेलवाइस यांच्या मनात लख्ख प्रकाश पडला. पहिल्या विभागातील डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करीत आणि तेथून बाळंतिणींना तपासण्यास जात. ते हात धूत असत. पण शवाचा वास हातांना तसाच राही. जो घातक अंश हातावर उरत होता, तोच बाळंतिणींच्या शरीरात शिरत होता. सुइणी शवविच्छेदन करीत नसत, म्हणून त्यांच्या विभागात मृत्यू कमी होते. डॉ. सेमेलवाइस यांनी मे १८४७ मध्ये नियम केला, की क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुतल्यावाचून कोणीही बाळंतिणीला स्पर्श करू नये. पुढील वर्षी, म्हणजे १८४८ साली, पहिल्या विभागातील ३,५५६ बाळंतिणींपैकी केवळ ४५ दगावल्या. नवे औषध सापडले नव्हते, की नवी इमारत बांधली नव्हती. केवळ हात स्वच्छ झाले होते.

तथापि अनेक नामांकित डॉक्टरांना हे म्हणणे रुचले नाही. जे हात प्राण वाचवतात तेच मृत्यू घेऊन येतात, ही कल्पनाच त्यांना अपमानकारक वाटली. १८६५ साली डॉ. सेमेलवाइस वयाच्या ४७ व्या वर्षी वारले, तेव्हाही त्यांचे म्हणणे सर्वमान्य झालेले नव्हते. पुढे फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी सूक्ष्म जंतूंचे कार्य उलगडून दाखवले. ब्रिटनमध्ये जोसेफ लिस्टर यांनी जखमा जंतूंपासून सुरक्षित ठेवण्याची पद्धत १८६७ साली प्रसिद्ध केली. १८७९ साली पाश्चर यांनी बाळंतज्वराचे जंतूही दाखवून दिले. तेव्हा व्हिएन्नाच्या त्या डॉक्टरांचे म्हणणे किती खरे होते, हे जगाला कळले.

या हकीकतीतील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या विभागातील डॉक्टरांपैकी कोणाच्याही मनात बाळंतिणींविषयी वाईट भाव नव्हता. ते त्यांना बरे करण्यासाठीच झटत होते. परंतु सद्भावनेने हात स्वच्छ होत नाहीत; ते धुवावेच लागतात. जे त्या डॉक्टरांविषयी खरे ठरले, तेच आज रुग्णाच्या समाचारास जाणाऱ्या प्रत्येक माणसाविषयी खरे आहे.

येथे सहजच असा प्रश्न उद्भवतो, की जे जंतू निरोगी माणसाच्या अंगावर असूनही त्याला काही करीत नाहीत, ते रुग्णाला एवढे का बाधतात? याचे उत्तर मिळण्यासाठी मनुष्याच्या शरीराची तुलना एखाद्या किल्ल्याशी करता येईल. त्वचा हा या किल्ल्याचा तट. तट अभंग आहे तोवर बहुतेक जंतूंना आत शिरता येत नाही. नाक आणि तोंड हे दरवाजे. तेथे नाकातील केस, लाळ आणि चिकट श्लेष्मा पहारा करतात. एवढ्यातूनही शत्रू आत शिरलाच, तर रक्तातील पांढऱ्या पेशींची शिबंदी त्याच्यावर तुटून पडते. शिवाय पूर्वी येऊन गेलेल्या शत्रूला नेमके ओळखून निकामी करणारी प्रतिपिंडे नावाची द्रव्येही रक्तात असतात. निरोगी माणसाच्या किल्ल्यात हा सारा बंदोबस्त जागरूक असतो. म्हणूनच दिवसभरात असंख्य जंतूंशी गाठ पडूनही तो ठणठणीत राहतो.

रुग्णालयातील कित्येक रुग्णांच्या बाबतीत मात्र हा बंदोबस्त ढिला पडलेला असतो. भाजलेल्या माणसाचा तटच ठिकठिकाणी ढासळलेला असतो. ज्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा ज्याच्या शिरेत नळी घालून औषध दिले जात आहे, त्याच्या तटाला बारीक खिंडार पडलेले असते. कर्करोगावरील काही प्रभावी औषधांनी रोगट पेशींबरोबर रक्तातील पांढऱ्या पेशींचीही निर्मिती मंदावते. त्यामुळे औषध दिल्यानंतर साधारणपणे एक-दोन आठवड्यांच्या सुमारास शिबंदी अगदी तुटपुंजी होते. ज्याला दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले आहे, त्याची गोष्ट आणखी निराळी. त्याची शिबंदी त्या नव्या मूत्रपिंडालाच शत्रू समजून त्यावर चाल करून जाईल, म्हणून डॉक्टर औषधे देऊन तिला मुद्दाम आवरून धरतात. अतिवृद्ध माणसांची प्रतिकारशक्ती वयोमानाने क्षीण झालेली असते. अशा माणसांना भेटणाऱ्याची किरकोळ सर्दीदेखील न्यूमोनियाचे निमित्त होऊ शकते.

या सर्वांत नाजूक किल्ला असतो तो अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या मुलाला अपुऱ्या दिवसांचे मूल म्हणतात. त्याची त्वचा फारच पातळ असते. मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे गर्भाला मिळतात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. जे मूल त्याआधीच जगात येते, त्याला आईची ही शिदोरी पुरती मिळालेली नसते. अशा बाळाला पाहण्यास एखादा मामा हौसेने येतो. त्याला थोडेसे पडसे झालेले असते. आर.एस.व्ही. या नावाने ओळखला जाणारा एक विषाणू अशा पडशाला कारण होतो. मामाच्या नाकात दोन दिवस पाणी आणून तो निघून जातो. पण तान्ह्या मुलाच्या फुप्फुसातील बारीक नळ्यांना सूज आणून तो त्याचा श्वास कोंडू शकतो. डांग्या खोकल्याचेही तसेच. मोठ्या माणसाला त्याने केवळ लांबलेला खोकला येतो. तान्ह्या बाळाच्या मात्र तो प्राणांवर बेततो. बाळाचा मुका घेणे हे कौतुकाचे लक्षण खरे. पण ज्याच्या ओठाला विषाणूमुळे फोड आले आहेत त्याने मुका घेतल्यास तेच कौतुक बाळाला महाग पडते.

जंतूंचे रुग्णापर्यंत येण्याचे मार्ग मुख्यतः चार. पहिला मार्ग हातांचा. बसची दांडी, जिन्याचा कठडा, नाणी, नोटा, दाराची मूठ अशा शेकडो वस्तूंना हात लागतो आणि त्यांवरील जंतू हाताला चिकटतात. तोच हात रुग्णाच्या हातावर किंवा उशीवर ठेवला जातो. दुसरा मार्ग तुषारांचा. मनुष्य खोकला, शिंकला किंवा मोठ्याने बोलला, की तोंडातून बारीक थेंब उडतात आणि जवळच्या माणसाच्या नाकातोंडात जातात. तिसरा मार्ग हवेचा. काही रोगांचे जंतू अतिशय सूक्ष्म कणांबरोबर हवेत तरंगत राहतात. गोवराचा विषाणू तर रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तेथील हवेत राहू शकतो. चौथा मार्ग वस्तूंचा. खाटेवर टेकवलेली पिशवी, बाळाला दिलेले खेळणे, हातोहात फिरणारा मोबाइल फोन यांवर बसून जंतू येतात. फ्लूचा विषाणू गुळगुळीत, कठीण पृष्ठभागावर एक-दोन दिवसही टिकू शकतो.

यात आणखी एक अडचण असते. रोग अंगात शिरला, की त्याच दिवशी तो प्रकट होतो असे नाही. फ्लू झालेला मनुष्य ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच दुसऱ्याला रोग देऊ शकतो. कांजिण्यांत पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधी, तर गोवरात चार दिवस आधीपासून संसर्ग होऊ शकतो. म्हणून 'मला काहीच झालेले नाही' असे प्रामाणिकपणे सांगणारा मनुष्यही कधी कधी रोग घेऊन आलेला असतो. लहान मुलांना पुष्कळ रुग्णालयांत प्रवेश देत नाहीत, त्याचे एक कारण हेच आहे. शाळेत एका बाकावर तीन-चार मुले बसतात, एकमेकांच्या डब्यातले खातात, एकाची सर्दी चार जणांना होते. रोग उघड होण्यापूर्वीच ती तो इतरांना देत असतात. शिवाय रुग्णालयातील जंतूंची बाधा त्या मुलांनाही होऊ शकते. तेव्हा मुलांना फाटकाशी थांबवण्यात त्यांचा अवमान नसतो. रुग्णाचे आणि त्यांचेही रक्षण असते.

रुग्णालयात होणारे सर्वच संसर्ग भेटीस येणाऱ्यांमुळे होतात असे मात्र नाही. पुष्कळसे संसर्ग तेथील सेवकांच्या हातांवाटे, उपकरणांवाटे किंवा रुग्णाच्या स्वतःच्याच अंगावरील जंतूंमुळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार, श्रीमंत देशांत रुग्णालयात ठेवलेल्या शंभर रुग्णांपैकी सात जणांना, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत पंधरा जणांना तेथे असताना एखादा तरी नवा संसर्ग होतो. जो मनुष्य बरा होण्यासाठी आला, त्याला तेथेच नवे दुखणे जडावे, याहून मोठे दुर्दैव कोणते? म्हणून डॉक्टरांपासून सफाई कामगारापर्यंत आणि परिचारिकेपासून भेटीस येणाऱ्या पाहुण्यापर्यंत प्रत्येकाने आपापला वाटा उचलणे आवश्यक ठरते.

रुग्णालये यासाठी अनेक उपाय योजतात. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात शिरताना बाहेरची पादत्राणे काढून ठेवावी लागतात. घड्याळ, अंगठ्या व बांगड्या उतरवाव्या लागतात, कारण त्यांच्याखाली मळ व जंतू दडून बसतात. बाह्या कोपरापर्यंत सारून हात धुवावे लागतात. ज्यांच्यावर अस्थिमज्जेचे रोपण झाले आहे, अशा रुग्णांच्या खोल्यांतील युक्ती तर मोठी मनोवेधक आहे. तेथे गाळलेली हवा यंत्राने आत सोडून खोलीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक ठेवतात. त्यामुळे दार उघडले तरी हवा आतून बाहेर वाहते, बाहेरची धूळ आत शिरत नाही. क्षय किंवा गोवर यांसारख्या रोगांच्या खोलीत याच्या नेमके उलट करतात. तेथे आतील दाब कमी असतो, म्हणून रोगजंतू बाहेर पडत नाहीत. अशा खोलीच्या दारात उभे राहून, दार उघडे धरून गप्पा मारणारा पाहुणा ही सारी योजना नकळत फुकट घालवतो.

परंतु यंत्रे कितीही असली, तरी सर्वांत मोठा उपाय सर्वांत साधा आहे, आणि तो म्हणजे हात धुणे. साबणाच्या कणाचे एक टोक पाण्याशी, तर दुसरे तेलाशी सलगी करते. त्यामुळे हातावरील तेलकट मळ जंतूंसह सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. काही विषाणूंच्या अंगावर चरबीचे कवच असते. ते साबणाने फुटते आणि विषाणू निकामी होतात. नुसते पाण्याखाली बोटे धरण्याने हे साधत नाही. तळहात, हातांची मागील बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांची टोके नीट चोळून, सर्व मिळून ४० ते ६० सेकंद हात धुवावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घाईत हात धुणाऱ्याचे अंगठे व बोटांची टोके हमखास राहून जातात, आणि रुग्णाला स्पर्श होतो तो बहुधा त्याच भागांचा. रुग्णालयाच्या दाराशी ठेवलेले अल्कोहोलयुक्त द्रव हातांना २० ते ३० सेकंद चोळले, तरी बहुतेक जंतू मरतात. मात्र हात मळलेले असतील, किंवा जुलाब-वांतीच्या काही रोगांचा संबंध असेल, तर साबण आणि पाणीच हवे. कारण त्यांतील काही जंतू अल्कोहोलला दाद देत नाहीत. हात धुतल्यावर लगेच मोबाइल फोन हाती घेतला, तर धुणे व्यर्थ जाते, हेही विसरू नये. आत जाताना हात धुवावेत, तसेच बाहेर येतानाही धुवावेत; म्हणजे रुग्णालयातील जंतू घरी येत नाहीत. बाहेरून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय पाळण्याजवळ जाऊ नये, असे घरोघरच्या आज्या सांगत आल्या. त्या सांगण्याला शास्त्राचा असा भक्कम आधार आहे.

समाचारास जाणाऱ्याने आणखीही काही पथ्ये पाळावीत. अंगात ताप असेल, सर्दी-खोकला असेल, अंगावर पुरळ असेल, तर भेट पुढे ढकलावी. जुलाब किंवा वांत्या होत असतील, तर त्या थांबल्यावरही निदान दोन दिवस जाऊ नये. घरात कोणाला गोवर किंवा कांजिण्या झाल्या असतील, तर परिचारिकेला तसे सांगून तिच्या सल्ल्याने वागावे. रुग्णाच्या खाटेवर बसू नये. त्याची जखम, पट्टी किंवा नळ्या यांना हात लावू नये. एका रुग्णाची विचारपूस करून त्याच हातांनी शेजारच्या रुग्णाच्या गालावरून हात फिरवू नये. एकाच वेळी घोळक्याने जाऊ नये. रुग्णासाठी खाण्याचे पदार्थ नेण्यापूर्वी परिचारिकेला विचारावे. ज्यांची प्रतिकारशक्ती फार क्षीण झाली आहे, त्यांना कापून ठेवलेली फळे व कच्चे पदार्थ अपायकारक ठरू शकतात. त्यांच्या खोलीत फुलेही ठेवू देत नाहीत. फुलदाणीच्या पाण्यात जंतू वाढतात आणि कुंडीतील मातीत बुरशी असते.

याहूनही आधी करण्यासारखी गोष्ट म्हणजे वेळेवर लसी घेणे. भारतात गोवराची पहिली लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. तोवर त्याचे रक्षण कोणी करावयाचे? त्याच्या अवतीभवतीच्या माणसांनी. घरातील भावंडांनी आणि मोठ्यांनी आपापल्या लसी घेतलेल्या असल्या, म्हणजे रोगाला बाळापर्यंत पोहोचण्यास वाटच उरत नाही.

एवढे सारे ऐकल्यावर कोणी म्हणेल, की मग भेटी अजिबात बंद करणेच उत्तम. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असेच झाले होते. मुलांच्या विभागात आईबापांना कित्येक ठिकाणी आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळीच भेटू देत. संसर्गाचे भय हे त्याचे एक कारण होते. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आईवाचून राहिलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचा चित्रपट तयार केला. तिचे मूक दुःख पाहून अनेकांचे डोळे उघडले. १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आईबापांना मुलांजवळ मोकळेपणाने येऊ द्यावे, अशी शिफारस केली.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या राजधानीत, बोगोटा येथे, तर याहून नवलाची गोष्ट घडली. तेथील एका रुग्णालयात उबेच्या पेट्या अपुऱ्या होत्या. एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळे ठेवावी लागत आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी उभे बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारू आपल्या पिलाला पिशवीत बाळगते, त्यावरून तिला कांगारू पद्धत म्हणतात. पुढे भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत या पद्धतीची कसोशीने पाहणी झाली. नेहमीच्या पद्धतीत बाळाची प्रकृती स्थिरावल्यावर त्याला आईच्या छातीशी देत. तेथे जन्मानंतर लगेचच देऊन पाहिले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नेहमीच्या पद्धतीत शंभरांपैकी सुमारे सोळा बाळे पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावली. आईजवळ लगेच दिलेल्या बाळांत हे प्रमाण बारावर आले, आणि जंतुसंसर्गही कमी आढळला. म्हणजे हात धुऊन आलेली आई ही बाळाला धोका नसून त्याचे औषधच आहे.

२०२० साली कोरोनाची साथ जगभर पसरली, तेव्हा मात्र भारतात व इतरत्र असंख्य रुग्णालयांना भेटी बंद कराव्या लागल्या. परिचारिका रुग्णापुढे फोन धरीत आणि घरची माणसे पडद्यावरून त्याच्याशी बोलत. कित्येकांना आपल्या माणसाचे शेवटचे दर्शनही घडले नाही. रोग आवरण्यासाठी ही बंदी भाग पडली; परंतु आपल्या माणसाच्या सहवासाचे मोल किती मोठे आहे, हेही त्या दिवसांनी सर्वांना शिकवले.

यावरून निघणारा बोध स्पष्ट आहे. रुग्णाला माणसांची गरज असते, जंतूंची नसते. भेटीस जाणाऱ्याने जंतूंना दाराबाहेर ठेवून केवळ आपली माया आत न्यावी, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित आहे. ज्या दिवशी प्रकृती बरी नसेल, त्या दिवशी दूर राहणे हीदेखील एक सेवाच होय. ज्या मुलांना वयामुळे आत जाता येत नाही, त्यांनी पत्र लिहावे, चित्र काढून पाठवावे, आजीला फोनवरून शाळेतली गंमत सांगावी. तेवढ्यानेही आजाऱ्याचा दिवस उजळतो. आणि ज्याला आत जाता येते, त्याने उंबरठ्यावर एक मिनिट थांबून हात स्वच्छ धुवावेत. त्या एका मिनिटाचे मोल कोणाच्या तरी प्राणाएवढे असू शकते.